चिखलदऱ्याला जाताय? मोबाइल बंद ठेवायचं धाडस करू नका

घरचे सगळे गाडीत बसले की कोणीतरी शहाणा म्हणतोच, "दोन दिवस मोबाइल बंद ठेवू." त्याला तिथंच गप्प करा. परतवाडा सुटून घाट लागला की रेंज आपसूक जाते. मेळघाट आपलं काम चोख करतो, त्याला मदत कशाला?

पॉवर बँक माणशी एक घ्या. वर १०,००० एमएएच छापलं असलं तरी फोनला मिळतं साडेसहा हजारांच्या आसपास. आतला सेल ३.७ व्होल्टचा, बाहेर द्यायचे ५, आणि थोडं तापण्यात जातं. घाटात एअरप्लेन मोड मुळीच लावू नका. टॉवर सापडेना की फोन जोर लावून शोधत राहतो, बॅटरी भराभर उतरते, मग दरीकडे पाठ करून चार्जरची वायर शोधता येते. नकाशा घरूनच उतरवून घेता येतो आणि जीपीएसला रेंज लागत नाही, हे पोट्ट्यांना कळू देऊ नका. रोख पैसे तर नकोतच. टपरीवर क्यूआर कोडपुढं गोल चक्र फिरेपर्यंत भजे निवतात, तेवढाच वेळ जातो.

खरा धोका रोडग्यांचा. जंगलात विस्तव पेटवायचा नाही, म्हणून मोठेबाबा परतवाड्याच्या अलीकडेच ओळखीच्या वावरात, धुऱ्याजवळच्या मोकळ्या जागेत बेत ठरवतात. गव्हाचं जाडसर पीठ तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवायचं, पाऱ्यांना तेल लावत एकीत एक गुंडाळून गोळे करायचे. गोवऱ्यांचा जाळ पुरता बसू द्यायचा. घाई केली तर वरून कोळसा, आत कच्चं पीठ. मग निखाऱ्यात पाऊण तास, अधूनमधून फिरवत. या सगळ्यात हात पिठा-राखेचे, फोन अंगठाच ओळखत नाही. अशा वेळी माणसं बोलायला लागतात! मोठेबाबा विहिरीला पाणी कोणत्या साली लागलं ते सांगतात, मोठ्याई साल चुकलं म्हणते, आणि नातू विचारतो, "मंग?"

हा "मंग?" ऐकू आला की ताबडतोब त्याला रील लावून द्या. आपण व्हिडिओ काढायला उठा. तेवढ्यात फिरवायचं राहतं आणि रोडगे एका अंगानं करपतात, पण फोटोत दुसरं अंग घेता येतं. तूप त्याच अंगावर सोडा. वांग्याची भाजी गरम असताना खाऊ नका, आधी तिचा फोटो.

वर पंचबोल पॉइंटला कोणी हाक मारू नका. आवाज दरीतून परत येतो, फुकट येतो, पण त्याला लाइक नसतात. मोठ्याई पंधरा पावलांवर उभी असली तरी घरच्या ग्रुपवरच लिहा: "लवकर ये, ढग खाली उतरलेत." रेंज नसली तर मेसेज अडकून राहतो, एवढंच. परतीच्या वाटेवर परतवाड्यात तो तिला नक्की मिळेल.