इंजिन शेवटी बघा असं मी का म्हणतो: 'जुना चेतकवाला' काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, 'जुना चेतकवाला' एवढीच सही केलीत, म्हणून काकाच म्हणतो. 'जुनी स्कूटर घेताना आधी कागद, मग पत्रा आणि सगळ्यात शेवटी इंजिन' हा मी नवशिक्यांना सांगितलेला क्रम तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं असं की स्कूटर म्हणजे इंजिन, आणि ते शेवटी बघा म्हणून सांगणारा माणूस पोरांना खड्ड्यात घालतोय. मिस्त्री राहिले नाहीत, पार्ट मिळत नाहीत, ब्रेक तर तुमच्या काळातही धड लागत नव्हते, त्यापेक्षा पोरांनी जुनी ॲक्टिव्हा घ्यावी. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, की तुमचा पुतण्या माझा लेख वाचून गडहिंग्लजची एक बंद चेतक घ्यायला निघालाय, तिचे मालक वारलेत आणि टोकन द्यायचं तुम्हीच थांबवलंय. हे वाचल्यावर दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला जमेना. घरातले पैसे जायचेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या काळात तुमचं बरोबरच होतं. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून गाडी दारात यायची. कागद कोरे, पत्रा नवा. मग काळजी करायला इंजिनाशिवाय राहायचं काय? आज जी चेतक, प्रिया किंवा एलएमएल विकायला येते तिचं वय वीस ते पन्नासच्या मधे कुठंतरी असतं. अशा गाडीत काय बिघडलंय यापेक्षा काय दुरुस्त होण्यासारखं आहे, हे आधी बघावं लागतं.

आणि इंजिन दुरुस्त होतं. चेतकचं टू-स्ट्रोक इंजिन ५७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ५७ मिलिमीटर स्ट्रोकचं (पिस्टनची चाल), १४५.४५ सीसीचं. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही, ऑईल पंप नाही. सिलिंडर बिडाचा. झिजला की पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी बोअर मारायचा, म्हणजे आतून कापून मोठा करायचा, आणि त्या मापाचा पिस्टन-रिंग बसवायचा. कोल्हापुरात राहणाऱ्याला हे मी काय सांगणार? ज्या उद्यमनगरात शेतीच्या इंजिनांपासून ऊसाच्या चरकापर्यंत सगळं दुरुस्त होतं, तिथं एका स्कूटरचं सिलिंडर अडून राहत नाही. क्रँकचा (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचा) रॉड बदलून मिळतो, बेअरिंग मिळतात, क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी सील मिळतात. सगळं इंजिन खोलायची वेळ आली तरी खर्चाचा अंदाज आधी काढता येतो. कागदाचा आणि सडलेल्या पत्र्याचा तसा काढता येत नाही.

इंजिन बघूच नका असं मी कुठंही म्हटलेलं नाही. नवशिक्यानं काय बघायचं ते जरा नीट सांगतो, कारण मूळ लेखात हा भाग थोडक्यात आला होता.

गाडी बघायला जायच्या आधी विकणाऱ्याला सांगावं, की मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा सिलिंडरवरच्या झाकणाला हात लावायचा. झाकण गरम लागलं तर गाडी थंड असताना सुरू होत नसणार, असं धरून चालायचं. मग किक पायानं न मारता हातानं हळू दाबायची. एका जागी चांगला दाब लागला पाहिजे. सुरुवातीला धूर येणारच, टू-स्ट्रोक आहे. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर बॉक्सचं तेल कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं ऑईल सील गेलंय आणि इंजिन गिअरचं तेल ओढून जाळतंय. याच्या उलट, ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन खाली यायला तयार नसेल, ओरडतच राहत असेल, तर मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील तपासायला हवं. तिथून हवा आत घुसते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि त्याबरोबर ऑईलही. या इंजिनात क्रँकला आणि पिस्टनला वंगण पेट्रोलमधून येणाऱ्या ऑईलचंच, म्हणून अशी गाडी पन्हाळ्याच्या चढावर रेटली की पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमधे अडकून बसतो. प्लग काढला की बरंच कळतं. विटकरी-तपकिरी असेल तर बरं, काळा आणि ओला असेल तर मिश्रण किंवा ऑईल जास्त, पांढराफटक असेल तर कुठून हवा जातेय ते शोधल्याशिवाय ती गाडी लांब न्यायची नाही. सील तशी स्वस्त असतात. मजुरी जाते ती इंजिन उतरवून दोन भाग करण्यात, म्हणून एकदा उघडलं की दोन्ही सील आणि बेअरिंग एकदमच बदलून घ्यावीत.

आता पत्रा. चेतक, प्रिया, एलएमएल यांना वेगळी चौकट नाही. दाबून घडवलेला पत्रा हीच चौकट. लॅम्ब्रेटाला आत पाइपची चेसिस असते, तिचा पत्रा खराब झाला तरी सांगाडा उरतो. आपल्या गाड्यांना पायाखालचा पत्रा सडला म्हणजे चेसिसच सडली. आणि कोल्हापूरच्या पावसात पत्रा नेमका तिथंच सडतो, रबरी मॅटच्या खाली, जिथं चिखल आणि ओल अडकून राहते. मॅट उचलायची, गाडी आडवी करून खालच्या पट्ट्या बघायच्या, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जायचं. ठणठण आवाज आला तर चांगला पत्रा, मऊ भद्द आवाज आला तर सडलेला भाग झाकायला भरलेली पुट्टी. सोबत छोटं लोहचुंबक न्यावं, पुट्टीवर ते धरत नाही. नवा चकचकीत रंग दिलेली गाडी बघितली की मी जास्तच ठोकतो. जुना, उडालेला पण मूळचा रंग मला कधीही परवडला, कारण त्याखाली काय आहे ते दिसतं.

याच्या जोडीला आपल्याकडे पूर आहे. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या पाण्यात किती गाड्या बुडाल्या ते तुम्ही पाहिलंय. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून, रंगवून विकल्या गेल्या. बाहेरून कळत नाही. हेडलाइट काढून आत बोट फिरवायचं, डिकीच्या मागच्या कोपऱ्यात आणि सीटखाली टाकीच्या बाजूला बघायचं. पुराचा गाळ तिथं वाळून पिठासारखा बसलेला असतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे सिलिंडरच्या पंखांमधली, म्हणजे तो गार व्हावा म्हणून बाहेरून असलेल्या पातळ पट्ट्यांमधली. या इंजिनाला मॅग्नेटवरचा पंखा वारा घालतो आणि पत्र्याचं झाकण तो वारा सिलिंडरवर वळवतं. पंखांमधे गाळ किंवा उंदराचं घरटं असलं की वाराच लागत नाही, आणि दोन चढ चढल्यावर इंजिन तापून बसतं. झाकण काढायला दोन-चार स्क्रू आणि बोल्ट. विकणारा ते काढू देत नसेल तर नमस्कार करून घरी यावं.

कागदांबद्दल मी इतका हट्टी का, ते आता सांगतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि उशीर झाला तर दुचाकीला दरमहा ३०० रुपये जादा आकारायची तरतूद २०२२ पासून आहे. म्हणजे 'पासिंग संपलंय, पण होऊन जाईल' हे वाक्य विकणाऱ्याला सोपं आणि घेणाऱ्याला महाग पडू शकतं. जुन्या पुस्तकी आरसीच्या (नोंदणी प्रमाणपत्राच्या) कितीतरी गाड्या संगणकावर चढलेल्याच नाहीत. त्यांची आधी बॅकलॉग नोंद व्हावी लागते, म्हणजे जुनी माहिती संगणकावर चढावी लागते. कुणाच्या आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा तसाच असतो आणि कर्ज देणारी पतसंस्था कधीच गुंडाळलेली असते. पुतण्याला सांगा, परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर घालून बघायला पाच मिनिटं लागतात, ती बघायला जायच्या आधी खर्च करावीत. मग चेसिसवर ठोकलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर एकेक अंक बोट ठेवून जुळवावा. गंजानं तो वाचता येत नसेल तर इंजिन कितीही गोड वाजत असू दे, ती गाडी घेऊ नये. कोणी 'व्हिंटेज आहे, पासिंग लागत नाही' म्हणालं तर तेही खरं धरू नये. २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी. तिच्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. चेतक बाजारात आलीच १९७२ मधे. ज्या चेतका आज विकायला येतात त्या बहुतेक पुढच्या.

मिस्त्री राहिले नाहीत, हे तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे. नुसत्या आवाजावरून सील गेलंय का रिंग गेलीय ते सांगणारी पिढी थकलीय. पण राजारामपुरीत, शाहूपुरीत, पेठांमधून अजून माणसं आहेत, आणि नवशिक्यानं गाडी घ्यायच्या आधी मिस्त्री शोधावा असं माझं ठाम मत आहे. त्याला गाडी दाखवायला रिक्षाचं भाडं आणि वेळेचे पैसे आनंदानं द्यावेत. पार्टचं म्हणाल तर चेतकचे आणि एलएमएलचे अजून मिळतात, कारण या गाड्या देशभर लाखांनी विकल्या गेल्या. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समधे बनलेली प्रिया बजाजच्याच घरातली, तिचंही बरंच सामान जुळतं. लॅम्ब्रेटा आणि विजय सुपरला मात्र हुडकावं लागतं. नवशिक्याला मी त्या सुचवत नाही.

रोजची निगाही मिस्त्रीवर टाकायची नाही. एक लिटर पेट्रोलला २० मिली टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक इंजिनाचं), मापून. 'थोडं जास्त घातलं की इंजिन टिकतं' ही समजूत चुकीची आहे. जास्तीचं ऑईल सायलेन्सरमधे आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी कार्बन होऊन बसतं, गाडी ओढत नाही आणि पोरगं प्लग बदलत बसतं. गाडी लावली की पेट्रोलचा कॉक बंद, कारण कार्ब्युरेटरची निडल (पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसली नाही तर रात्रभर पेट्रोल झिरपून इंजिनात भरतं. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनी रबरं कडक होतात, फुगतात, तेव्हा पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरचं किट घेतल्या घेतल्या बदलावं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. आणि एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. या गाड्यांचं चाक दोन अर्ध्या रिम बोल्टनं जोडून केलेलं असतं. गाडीवरून चाक काढायचे नट वेगळे आणि रिमचे वेगळे. हवा पूर्ण काढल्याशिवाय रिमचे नट सैल केले तर रिम उडून हाताला, तोंडाला लागते.

ब्रेकबद्दल मी तुमच्याच बाजूला आहे. पुढं-मागं ड्रम, १० इंची चाकं, आणि पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते. नवे शूज, नव्या केबल, ड्रम घासून गोल केलेले, एवढं झालं की गाडी थांबते, पण डिस्क ब्रेकवाल्या गाडीच्या मागं चिकटून चालवायची ही गाडी नव्हे. म्हणून रोज हायवेनं शिरोली किंवा गोकुळ शिरगावला कामाला जाणाऱ्या पोरानं ॲक्टिव्हाच घ्यावी, हे मी मनापासून सांगेन. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या, हातात पाना धरायची इच्छा असलेल्या आणि घरात दुसरी गाडी असलेल्या पोराला मात्र मी चेतकपासून परावृत्त करणार नाही. बंद पडलेली गाडी रंकाळ्याच्या कडेला प्लग पुसून स्वतः सुरू केली की त्या पोराला यंत्राची भीती राहत नाही. ती शिकवण ॲक्टिव्हात मिळत नाही, तिचं झाकण कुणी उघडतच नाही.

आता गडहिंग्लजच्या गाडीचं. टोकन थांबवलंत हे फार चांगलं केलंत. मालक वारलेत म्हणजे आधी त्यांच्या वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी. त्याला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. त्यानंतर वारसानं फॉर्म २९ आणि ३० वर सही करून पुतण्याच्या नावावर करायची. घरातल्या एकानं पैसे घेतले आणि दुसऱ्या भावानं सही द्यायला नकार दिला, अशा गाड्या वर्षानुवर्षं दारात कुजतात. तेव्हा व्यवहाराची बोलणी सगळ्या वारसांसमोर करावीत आणि गाडी वारसाच्या नावावर झाल्यावरच पूर्ण रक्कम द्यावी. नोंदणीची मुदत कधी संपलीय ते आरसीवर बघून मला कळवा. पत्रा तुम्ही स्वतः बघून या, इतकी वर्षं चेतक चालवलेल्या माणसाइतका तो कुणाला कळणार नाही. आणि हे दोन्ही ठीक असलं, तर बंद इंजिन बघायला मी तुमच्याबरोबर गडहिंग्लजला येतो. प्लगचा पाना माझ्याकडे आहे, तुम्ही फक्त रविवार कुठला ते सांगा.