बीम आडवा आला म्हणून बोट विकायची?

आज दुपारी एका मैत्रिणीचा निरोप आला की ती आणि तिचा नवरा आपली शिडाची बोट विकायला काढत आहेत, कारण नव्या घराच्या पार्किंगच्या तोंडावरचा बीम बोटीच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, स्टीलच्या कठड्यापेक्षा सात सेंटिमीटर खाली आहे. वाचून वाईट वाटले, आणि पुढची ओळ वाचल्यावर संताप आला. कोणा जाणकार गृहस्थांनी त्यांना सांगितले होते म्हणे, की एक तर कठडा कापून टाका, नाही तर बोट विका, तिसरा मार्गच नाही. ज्यांनी कधी ट्रेलरचा, म्हणजे बोट वाहून नेणाऱ्या चाकांच्या गाड्याचा, दांडा हातात धरून वर-खाली केलेला नाही, त्यांनी असे निर्वाणीचे सल्ले देऊ नयेत.

बोट घरी असावी, हे तुम्हा मंडळींना वेगळे पटवून द्यायची गरज नाही. लांबच्या आवारात ताडपत्रीखाली ठेवलेली बोट हळूहळू आपली राहत नाही. ताडपत्रीच्या खोलगट भागात पाणी साचते, उन्हाने दोर पांढरे पडून कडक होतात, आणि एखाद्या फटीतून आत शिरलेली ओल पुढच्या मोसमापर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. घरी असलेल्या बोटीची सैल झालेली शॅकल (दोर अडकवायची धातूची कडी) जाता-येता दिसते आणि त्याच संध्याकाळी आवळली जाते. माणसे बोट विकतात ती बहुधा समुद्राचा कंटाळा आला म्हणून नव्हे, तर ती नजरेआड गेली म्हणून.

आमच्या घरी हा प्रश्न आला तेव्हा दादाने सपाट रस्त्यावर घेतलेल्या मापावर विश्वास ठेवायला साफ नकार दिला होता. आमच्या पार्किंगला रस्त्याकडून चढ आहे आणि आत जमीन सपाट आहे. सपाट जागेवर मोजले तर बोट बीमखालून आरामात जात होती, पण दादाचे म्हणणे असे की बोट काही सपाट जागेवरून आत शिरणार नाही, ती चढावरून शिरणार आहे. उलटी ढकलत नेताना एक्सल, म्हणजे ट्रेलरच्या चाकांचा आस, चढाच्या माथ्यावर आला की मागचा भाग चढाच्याच रेषेत हवेत पुढे निघतो. दहाला एक असा चढ असेल आणि पिछाडी एक्सलच्या मागे अडीच मीटर असेल, तर ती तिथे नेहमीपेक्षा 25 सेंटिमीटर वर गेलेली असते. कागदावर बसणारी बोट उंबऱ्यावर अडते ती यामुळे. आत उतरणाऱ्या रॅम्पवर हेच उलटे होते, चाके खाली सपाटीला लागली तरी दांडा अजून उतारावर असतो आणि नाळ वर उचलली जाते.

मुळात ट्रेलर हा एक्सलवर तागडीच्या दांडीसारखा तोललेला असतो, एवढे एकच सत्य त्या गृहस्थांना ठाऊक असते तर माझ्या मैत्रिणीची दुपार वाया गेली नसती. समजा, कपलरपासून, म्हणजे दांड्याच्या गाडीला अडकणाऱ्या टोकापासून, एक्सलपर्यंत 4 मीटर अंतर आहे आणि कठडा एक्सलच्या पुढे साडेतीन मीटरवर आहे. कपलर 20 सेंटिमीटर खाली घेतला की कठडा साडेसतरा सेंटिमीटर खाली येतो. एक्सलच्या मागे 2 मीटरवर असलेली पिछाडी तेवढ्यात 10 सेंटिमीटर वर जाते खरी, पण ती तोवर बीम ओलांडून आत गेलेली असते. बीमखालून अख्खी बोट एका क्षणी जात नाही, त्या त्या क्षणी तिचा एकच भाग बीमखाली असतो आणि तेवढाच भाग खाली घ्यायचा असतो. तिला सात सेंटिमीटर हवे आहेत. सात! आत गेल्यावर छत उंच असेल तर बोट पुन्हा सरळ करावी, नसेल तर नाळ खाली ठेवूनच उभी करावी.

दादाने बीमच्या उंचीची एक काठी कापून घेतली होती. बीमची उंची म्हणजे काँक्रीटची उंची नव्हे, हेही त्यानेच दाखवले. त्याखाली एका पाइपचा लोखंडी क्लॅम्प लोंबत होता आणि खरी उंची त्याच्या खालच्या नटापासून मोजायची होती. अनेक घरांत उघडलेले शटर किंवा त्याची मोटर दाराच्या चौकटीहून खाली येते, आणि माणसे चौकट मोजून मोकळी होतात.

डोलकाठी उतरवून केबिनवर आडवी बांधलेली असेल, तर बहुतेक वेळा तीच सर्वांत उंच वस्तू असते. ती ट्रेलरवरून काढून भिंतीवर टांगावी, मात्र तिला निदान तीन ठिकाणी आधार द्यावा, नाही तर मधे बाक येण्याची भीती राहते. ही अडचण बोटीच्या रचनेतच सोडवता येते. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला आखलेल्या मिरर या छोट्या बोटीची मूळ डोलकाठी आखूड आहे, वरची उंची तिच्यावर चढवलेल्या दुसऱ्या लाकडाने मिळते, आणि सगळी लाकडे उतरवल्यावर 3.3 मीटरच्या बोटीतच मावतात. घरी ठेवायची बोट कशी असावी, याचा विचार इतक्या वर्षांपूर्वी झालेला आहे.

चाकांतली हवा काढा, हा सल्ला मात्र जो तो देतो. त्याने थोडी उंची कमी होते, हे मान्य. पण पूर्ण बोटीचे वजन अंगावर घेऊन चपटे झालेले टायर कडेने चिरडतात, आणि तसेच आठवडेच्या आठवडे उभे ठेवले तर पुढच्या प्रवासात ते दगा देतात. हवा काढायचीच असेल, तर तेवढी दोन-चार मीटर ढकलण्यापुरती काढा, आत जाताच ट्रेलर जॅकवर घ्या आणि हवा भरा. फक्त घरातल्या हालचालीसाठी लहान चाके लावणे हा त्याहून बरा उपाय आहे, पण चाकाचा व्यास 10 सेंटिमीटर कमी केला तर बोट 5 सेंटिमीटरच खाली येते, हे लक्षात ठेवा. स्प्रिंगचे पाटे एक्सलच्या वर असतील तर ते खाली घेऊन चांगली उंची कमी करता येते. ते काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण मग मडगार्ड आणि टायर यांच्यातली जागाही तितकीच घटते.

हे सारे प्रत्येक बोटीला लागू पडत नाही, हेही खरे. कॅटालिना 22 ही बोट वर उचलता येणाऱ्या कीलसह (कील म्हणजे तळाखालची जड पाती) घेतली तर कील वर असताना तिला सुमारे 0.61 मीटर खोल पाणी लागते, तीच पक्क्या कीलची असेल तर सुमारे 1.07 मीटर. म्हणजे पक्क्या कीलची बोट ट्रेलरवर जवळजवळ अर्धा मीटर उंच बसते, आणि तिथे दांडा कितीही खाली घेतला तरी बीम हटणार नाही.

आमच्या बोटीच्या वेळी वहिनी बीमखाली शिडीवर उभी होती आणि तिच्या हातात पुठ्ठ्याची एक पट्टी होती. मागचा कठडा आणि बीम यांच्यामधून ती पट्टी सारखी पुढे-मागे सरकवत होती. पट्टी सरकते आहे तोवर काम चालू, पट्टी अडली की तिने "थांबा" म्हणायचे, आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचे. चाके घरंगळू नयेत म्हणून त्यांना उटी लावलेली होती, आतल्या भिंतीतल्या मजबूत कड्याला हँड विंचचा (हाताने फिरवून ओढायच्या रहाटाचा) पट्टा अडकवलेला होता, आणि दादाने पुढच्या छोट्या चाकाखाली फळ्या सारून दांडा वर घेतला, तशी पिछाडी खाली बसली. मग एक्सल आत आला, नाळ बीमजवळ आली, तेव्हा एकेक फळी काढून दांडा खाली घेतला. चढावर गाडीपासून सोडवलेला ट्रेलर जीव घेऊ शकतो, म्हणून त्याच्या खालच्या बाजूला कोणालाही उभे राहू द्यायचे नाही, यावर दादा इतका कडक होता की त्याने आईलाही रागावून बाजूला केले. तो राग मला आज समजतो.

घरे बांधणाऱ्यांनी पार्किंगच्या तोंडाशीच सर्वांत खोल बीम का घ्यावा, हे मला कधी उमगले नाही. भार कुठेतरी पेलावा लागतो, पाइप कुठून तरी न्यावे लागतात, हे कळते. पण माझा खरा राग बोटी विकणाऱ्यांवर आहे. माहितीपत्रकात लांबी देतात, रुंदी देतात, वजन देतात, शिडाचे क्षेत्रफळ दशांश चिन्हापर्यंत देतात, आणि बहुतेक वेळा ट्रेलरवर बसवलेल्या बोटीची उंची देत नाहीत. ती उंची द्या, डोलकाठी उतरवलेली, टायर पूर्ण भरलेले आणि जमीन सपाट असतानाची. त्याच्यासोबत सर्वांत उंच भाग एक्सलपासून किती अंतरावर आहे आणि कपलर किती अंतरावर आहे, हे दोन आकडेही द्या. घरी जाऊन काठीने बीम मोजायचे काम आम्ही करू.