एकसष्टीच्या दिवशी व्हिडिओ अडकला त्याबद्दल

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू मी त्याच रात्री वाचला होता पण नीट तपासल्याशिवाय उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून चार दिवस गेले. तुम्ही लिहिलंय की शंभर एमबीपीएस स्पीडचं वायफाय आहे असं सांगून हॉल दिला आणि बाबांच्या एकसष्टीचा व्हिडिओ लॅपटॉपवरून टीव्हीवर कास्ट केला, म्हणजे वायफायवरून टीव्हीवर लावला, तर तो लग्नाच्या फोटोवर अडकून बसला, आवाज पुढे चाललाय आणि चित्र तिथंच, आणि आमच्या हॉलवरचा मुलगा म्हणाला की तुमचा लॅपटॉपच खराब आहे. हे शेवटचं वाक्य आमच्याकडून जायलाच नको होतं. मनापासून माफी मागतो.

कारण लॅपटॉप खराब नव्हताच. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या हॉलमध्ये मी माझ्या लॅपटॉपवरून क्रोम ब्राउझरचा टॅब त्याच टीव्हीवर टाकला, तासभर व्यवस्थित चालला. संध्याकाळी एक बारसं होतं, त्यांना विचारून गर्दीत परत तेच करून बघितलं तर चार-पाच मिनिटांत चित्र थांबलं, अगदी तुमच्यासारखंच.

झालं असं होतं की टॅब कास्ट केला की लॅपटॉप ते चित्र चालता चालता नव्यानं तयार करून राउटरला पाठवतो आणि राउटर ते टीव्हीला, आणि दोन्ही वायफायवर असले की तोच व्हिडिओ एकाच चॅनलवरून दोनदा जातो. तुमचा व्हिडिओ लॅपटॉपमध्येच होता, म्हणजे तिथं बाहेरच्या इंटरनेटच्या स्पीडचा प्रश्नच नव्हता. आम्ही सांगितलेला आकडा खोटा नव्हता, पण तुमच्या कामाचाही नव्हता, आणि हे बुकिंगच्या वेळी मलाच माहीत असायला हवं होतं. त्यात आमचा एकच राउटर, तोही २.४ गिगाहर्ट्झवर, पासवर्ड दारातल्या बोर्डावर लिहिलेला, सगळ्या पाहुण्यांचे फोन त्यावर, कुणी फोटो पाठवतंय कुणी व्हिडिओ कॉलवर आहे, आणि भिंतीपलीकडे किचनमधला मायक्रोवेव्ह, तोसुद्धा साधारण त्याच फ्रिक्वेन्सीवर चालतो.

अजून एक, टेबल सॉकेटपासून लांब आम्हीच लावलं होतं त्यामुळे तुमचा लॅपटॉप बॅटरीवर होता. बॅटरी २० टक्क्यांच्या खाली गेली की क्रोमचा एनर्जी सेव्हर चालू होऊ शकतो आणि तो व्हिडिओचे फ्रेम कमी करतो. तुमच्याकडे तसं झालं की नाही हे आता सांगता येणार नाही, पण चार्जर लावायला जागा देणं आमचंच काम होतं.

आता टीव्ही राउटरला लॅन वायरने जोडलाय म्हणजे हवेतला एक टप्पा कमी झाला, कार्यक्रमाच्या लॅपटॉपसाठी ५ गिगाहर्ट्झचं वेगळं नेटवर्क केलंय ज्याचा पासवर्ड बोर्डावर नाही, आणि टेबलापर्यंत एचडीएमआय केबल टाकलीये. खरं सांगायचं तर केबल पहिल्या दिवसापासून हवी होती, एवढ्या महत्त्वाच्या क्षणाला वायफायच्या भरवशावर राहायचंच नाही.

घरी कधी असं अडकलं तर कास्टिंग बंद करून परत चालू करा, सगळी स्क्रीन टाकण्यापेक्षा फक्त तो टॅब टाका, ऑफिसचा व्हीपीएन चालू असेल तर बंद करा, आणि तरी अडकलं तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीमखाली ग्राफिक्स ॲक्सलरेशन आहे ते बंद-चालू करून क्रोम परत उघडून बघा. सगळ्यात चांगलं म्हणजे व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असलेल्यांनाच दिसेल असा, टाकून यूट्यूबच्याच कास्ट बटणाने लावायचा, मग टीव्ही तो थेट नेटवरून घेतो आणि लॅपटॉप नुसता रिमोटचं काम करतो.

स्क्रीनचे १,५०० रुपये तुम्ही ज्या खात्यातून भरले होते त्याच खात्यात आज परत पाठवलेत. आणि बाबांना तो व्हिडिओ त्या दिवशी शेवटपर्यंत बघायला मिळाला नाही याचं मला जास्त वाईट वाटतंय. कुठल्याही मोकळ्या संध्याकाळी घरच्या सगळ्यांना घेऊन या, हॉलचं भाडं नाही, चहा-नाश्ता आमच्याकडून, केबल मी स्वतः लावून ठेवतो.