मावशीचा प्रश्न कोर्टात कुणी विचारला नाही

माझी मावशी ठाण्यात नौपाड्यात राहते. चार वर्षांपूर्वी सकाळी ती मासुंदा तलावावर फिरायला निघाली असताना बाइकवरून आलेल्या पोराने तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावलं. ती पडली, मनगट मोडलं. पोरगा महिन्याभरात सापडला. मग एका संध्याकाळी त्याची आई ओळखीच्या एका पुढाऱ्याला घेऊन दारात उभी. हातात पेढ्यांचा बॉक्स, खाली पाकीट. "काकू, तुमच्या नातवासारखा आहे, मिटवून टाका." मावशीने पाकीट परत केलं, पेढे तिला परत करता आले नाहीत. पुढे कोर्टात "नीटसं ओळखता येत नाही" म्हणाली आणि मुलगा सुटला.

प्रकरण मिटलं. मावशी मात्र आजही तलावपाळीला जात नाही, गच्चीवर फेऱ्या मारते. फोनवर अजून मला विचारते, "माझी वेळ त्याला कशी कळली रे? मागावर होता, की मी नुसती सापडले?"

मी कॅनडात, किचनरला राहतो. इथून जवळच एल्मायरा नावाचं छोटं गाव आहे. 1974 साली दारू प्यायलेल्या दोन तरुणांनी तिथे 22 ठिकाणी नासधूस केली, टायर फाडले, काचा फोडल्या. मार्क यांत्झी या प्रोबेशन अधिकाऱ्याने सुचवलं की पोरांना ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारात पाठवा. न्यायाधीशांनी ते मानलं. पोरं गेली, लोकांचं ऐकून घेतलं, पुढे भरपाईही दिली. ज्याचं नुकसान झालं आणि ज्याने केलं त्यांना समोरासमोर बसवणारे जगभरातले कार्यक्रम आज या गावाचं नाव घेतात.

अशाच एका कार्यक्रमात मी स्वयंसेवक आहे. गुप्ततेचं वचन दिलंय, म्हणून एवढंच सांगतो. खोलीत टेबल नव्हतं, गोलात खुर्च्या आणि स्टुलावर टिश्यूचा डबा. घरफोडी झालेल्या बाई बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "माझ्या मुलीच्या खोलीत गेला होतास?" तो म्हणाला, "नाही. दार उघडलं, खेळणी दिसली, लावून घेतलं." बाईंचे आवळलेले खांदे सैल झाले. माफी त्यांनी दिली नाही, कुणी द्यायलाही लावली नाही. या भेटीआधी दोघांना वेगवेगळं भेटण्यात अडीच महिने गेले होते. त्याला गुन्हा कबूल आहे ना, बाईंना खरंच यायचंय ना, घरचं कुणी ढकलत नाही ना, हे पुन्हा पुन्हा विचारलं होतं. बाई दारातून परत फिरल्या असत्या तरी कुणी हरकत घेतली नसती.

हे मी शाळेच्या ग्रुपवर लिहिलं, आपल्याकडेही अशा भेटी व्हाव्यात म्हटलं. "चोराचे कसले लाड" हे अपेक्षितच होतं. दुसरा म्हणाला, आपल्याकडे हे आहेच की, तंटामुक्ती! 2007 मध्ये राज्य सरकारने ती मोहीम सुरू केली, तंटे मिटवणाऱ्या गावांना बक्षिसं दिली. पण तिथे मोजले जातात ते मिटलेले तंटे. मावशीचं प्रकरणही त्या हिशोबात यशस्वीच धरलं गेलं असतं.

वकील मैत्रिणीची हरकत मला जास्त लागली. तिने 2020 ची आठवण दिली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना तक्रारदार बाईंकडून राखी बांधून घेण्याची अट घातली होती. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि अशा खटल्यांत न्यायालयांनी समेट सुचवू नये असं बजावलं. बरोबरच केलं. ती राखी आरोपीच्या सुटकेसाठी होती, पेढ्यांचा बॉक्सही त्याचसाठी आला होता. मी म्हणतोय ती भेट शिक्षा झाल्यावर व्हावी, तिच्यामुळे शिक्षेचा एक दिवसही कमी होऊ नये आणि मागणी फक्त ज्याने सोसलं त्याच्याकडून यावी. सुरुवात चोरी आणि मारहाणीपासून करावी, लैंगिक गुन्हे त्यात नकोतच. जिल्हा न्यायालयांत मध्यस्थी केंद्रं आहेत, प्रशिक्षित मध्यस्थ आहेत. ठाण्यात तर कारागृह कोर्टापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

परवा मावशीला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी गेले असते. पण त्याच्या आईला बाहेर बसवा म्हटलं असतं. ती रडायला लागली की मला विचारायचं ते सुचत नाही."