मांडीवरचा प्रवासी

आमच्या कारंजा तालुक्यात लहान लेकरू पाळण्यात कमी आणि मांडीवर जास्त वाढते. सकाळी ते आजीच्या मांडीवर असते, दुपारी शेजारच्या काकूंच्या, चार वाजता पारावरच्या कोणा आबाजींच्या, आणि दिवेलागणीला ते नेमके कोणत्या घरी आहे याचा तपास करायला एखाद्या मोठ्या पोराला पिटाळावे लागते. त्यामुळे बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीला आणि सात महिन्यांच्या नातवाला अमेरिकेत जावयांकडे पोचते करण्याचे ठरले, आणि या नातवाला विमानात वेगळी जागा नाही, तो मांडीवर बसेल, असे समजले, तेव्हा घरात कोणालाही त्याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते मांडी आमची असूनही तिचे पैसे विमान कंपनीने घेतले याचे. दोन वर्षांच्या आतील मुलाला आंतरराष्ट्रीय प्रवासात मोठ्या माणसाच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के आकारण्याची रीत आहे. "आपल्याच मांडीचं भाडं आपणच द्याचं काय?" असे आमच्या आईने विचारले. उभा जन्म फळ्यासमोर काढलेल्या माझ्यासारख्या मास्तराला या प्रश्नाचे उत्तर अद्याप सापडलेले नाही.

मांडीवर बसणाऱ्या या प्रवाशाला कागदपत्रे मात्र पायांवर उभ्या राहणाऱ्या माणसाइतकीच लागतात. पासपोर्ट स्वतंत्र, व्हिसा स्वतंत्र, आणि पासपोर्टवर छायाचित्रही स्वतंत्र. या छायाचित्राचे नियम ज्याने केले, त्याने लेकरू कधी मांडीवर घेतले नसावे. पार्श्वभूमी पांढरी हवी, दोन्ही डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेले हवे, नजर समोर हवी, आणि चौकटीत दुसऱ्या कोणाचाही हात दिसता कामा नये. कारंज्याच्या फोटोवाल्याने जमिनीवर पांढरी चादर अंथरली, बाळाला तिच्यावर निजवले आणि स्वतः स्टुलावर चढला. बाळाचे डोळे उघडे असत तेव्हा तोंडही उघडे असे, आणि तोंड मिटे तेव्हा डोळेही मिटत. त्यातून गालावरच्या तिटेचा प्रश्न निघाला. फोटोवाल्याच्या मते गाल स्वच्छ हवा होता आणि आईच्या मते तीट न लावता काढलेला फोटो हे संकटाला दिलेले आमंत्रण होते. "साहेबाचीच नजर लागीन त्याले," ती म्हणाली. अखेर तीट तळपायाला लावावी, कारण पाय चौकटीच्या बाहेर राहतात, या तोडग्यावर दोन्ही पक्ष राजी झाले. नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयात सहीच्या जागी अंगठ्याचा ठसा द्यायचा होता, तर बाळाने मूठ अशी आवळून धरली की ती उघडायला त्याची आई, आजी आणि मी असे तिघे लागलो.

गावाची खरी भीती मात्र आभाळाची होती. एवढ्या उंचीवर लेकराचे काय होणार, ही चिंता ज्यांनी एसटीखेरीज कोणते वाहन पाहिले नव्हते त्यांनाही लागली. म्हणून आम्ही अमरावतीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले की, विमान पस्तीस हजार फुटांवरून उडत असले, तरी आतली हवा दाबून ठेवलेली असते आणि आत बसलेल्याला ती सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तितकीच विरळ वाटते. निरोगी बाळाला ती बाधत नाही. मूल अपुऱ्या दिवसांचे असेल, त्याला हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, किंवा सर्दीने कान दुखत असेल, तर मात्र आधी तपासून घ्यावे. मी ही माहिती घरी आणून सर्वांना समजेल अशा रीतीने मांडली. चिखलदरा 1118 मीटर, म्हणजे पावणेचार हजार फुटांच्या आत. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे सुमारे 5400 फूट. विमानातली हवा त्याहूनही वरची. माझा हेतू धीर देण्याचा होता. परिणाम असा झाला की बाळाच्या सामानातल्या कानटोप्या एकीच्या तीन झाल्या. महिना मे होता, पारा पंचेचाळीसला टेकलेला होता आणि अंगणात वाळत घातलेल्या त्या लोकरीच्या टोप्यांकडे पाहूनच घाम फुटत होता.

आईचा कानांविषयीचा आग्रह अगदीच अस्थानी होता असे नाही, फक्त त्याचे कारण वेगळे होते. तिच्या मते कानात वारे शिरते, तर डॉक्टरांच्या मते ते शिरत नाही हीच अडचण असते. कानाच्या पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीने घशाला जोडलेली असते. विमान वर जाताना आतली हवा बहुधा आपोआप बाहेर पडते, पण खाली उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि नळी उघडल्याशिवाय हवा आत जात नाही. मोठा माणूस जांभई देतो, गोळी चघळतो, आवंढा गिळतो. तान्ह्याची नळी अधिक अरुंद असते आणि त्याला जांभई दे म्हणून सांगता येत नाही. त्याने गिळावे यासाठी विमान चढताना आणि विशेषतः उतरताना त्याला पाजत राहावे. झोपलेले बाळ कमी गिळते, म्हणून उतरणे सुरू होण्याआधी, म्हणजे जमीन लागण्याच्या साधारण अर्धा तास अगोदर, त्याला उठवावे. डॉक्टरांचे हे शेवटचे वाक्य सौभाग्यवतींनी ऐकून न ऐकल्यासारखे केले, हे मला तेव्हाच जाणवले होते.

त्यांचा भर झोपवण्यावर होता. निघण्याच्या आदल्या रात्री आमच्या ओसरीवर झोपेच्या उपायांची बैठक भरली. कोणी जायफळ उगाळून द्यावे म्हणाले, कोणी मध चाटवा म्हणाले, आणि पूर्वी कापूस वेचायला जाणाऱ्या बाया अफूचा कण देऊन लेकरू धुऱ्यावर निजवीत ही आठवण आईने ज्या कौतुकाने सांगितली, त्यावरून तिची पिढी कशी जगली याचेच मला आश्चर्य वाटले. मध वर्षाच्या आतल्या मुलाला अजिबात देऊ नये, कारण त्यातून क्वचित जिवावर बेतणारी विषबाधा होते. गुंगी आणणारी सर्दीची औषधेही प्रवासासाठी म्हणून देऊ नयेत, कारण ती धोक्याची असतात आणि काही मुलांवर उलटाच परिणाम होऊन ती झोपण्याऐवजी थयथयाट करतात. हे मी सांगितले तेव्हा सर्वांनी मान डोलावली, आणि सकाळी सामानात जायफळ सापडले.

नागपूरला पोचवायला बोलेरोतून नऊ माणसे आली. समृद्धी महामार्गावर गाडीची वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर आहे, आणि आमच्या चालकाला ती मर्यादा नसून किमान अपेक्षा वाटत असावी. त्या वेगात बाळ पुढच्या आसनावरून मागे, मागून मधे, आणि मधून पुन्हा पुढे असे ग्रामसभेतल्या ठरावासारखे हातोहात फिरत होते. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन लावल्याशिवाय गाडीत नेल्यास एक हजार रुपये दंड, असे 2019 मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याचे 194-ब हे कलम सांगते. त्याचा उल्लेख मी केला, तेव्हा मागून "गुरुजी, लेकरू मांडीवर हाय ना, मंग?" असा प्रश्न आला आणि विषय संपला. विमानतळाचे दिवे दिसू लागताच मात्र त्याच गाडीत मारुतिस्तोत्र सुरू झाले.

सुरक्षा तपासणीत चांदीच्या वाळ्यांनी आणि करदोट्याच्या घुंगरांनी यंत्र किंचाळले, पण ते किरकोळ होते. खरी चौकशी सातूच्या पिठाची झाली. बाळाचे दूध, उकळून गार केलेले पाणी आणि पातळ खाणे यांना हातातल्या सामानातल्या शंभर मिलिलिटरच्या नियमातून प्रवासापुरती सूट मिळते. पिठाचे तसे नाही. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात 350 मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातात नेल्यास तिची वेगळी तपासणी होते, आणि दोह्याला विमान बदलताना तो डबा उघडला गेला. आईने त्यात पीठ, त्याच्यावर वेखंडाची पुडी आणि तिच्यावर अंगारा असे थर दिले होते. तीन वेगवेगळ्या रंगांच्या पुडींचा खुलासा इंग्रजीतून करताना मला शिक्षकी पेशातल्या सर्व परीक्षा सोप्या वाटू लागल्या. पीठ आम्हाला परत मिळाले. अंगाऱ्याने दोह्यातच मुक्काम केला.

विमानात हवाई सुंदरीने एक तोकडा पट्टा आणून दिला. तो लेकीच्या पट्ट्यात ओवून बाळाच्या पोटाभोवती वेगळा बांधायचा असतो. दोघांना मिळून एकच पट्टा कधीही लावू नये, कारण झटका बसला तर मोठ्या माणसाचा सगळा भार बाळावर येतो. पुढे, दोह्यापासून शिकागोपर्यंतच्या चौदा-पंधरा तासांच्या उड्डाणात, समोरच्या भिंतीला अडकवलेला पाळणाही मिळाला. पाळणा दिसताच सौभाग्यवतींना विमान एकदम घरचे वाटू लागले. त्यांनी त्याला काळा दोरा बांधला, अंगाई म्हटली आणि बाळ झोपले. त्याच क्षणी विमान हलले, पट्टे बांधण्याचा दिवा लागला आणि बाळाला उचलून मांडीवर घेण्याची सूचना झाली, कारण विमान हलत असताना पाळण्यात मूल ठेवता येत नाही. बाळ उठले. दिवा विझला, बाळ निजले, दिवा लागला. वैमानिक आणि नातू यांच्यात हा करार कधी झाला ते कळले नाही, पण दोघांनीही तो अटलांटिक ओलांडेपर्यंत कसोशीने पाळला.

प्राणवायूच्या मुखवट्याची सूचना ऐकून सौभाग्यवती दुखावल्या. आधी स्वतःला लावा, मग मुलाला, हे त्यांना कोणत्याच देशाच्या आजीला शोभणारे वाटले नाही. एवढ्या उंचीवर हवा गेली तर माणूस अर्ध्या-पाऊण मिनिटात भानावर राहत नाही, आणि बेशुद्ध आजी नातवाच्या काही उपयोगाची नसते, असे मी समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि लेकीला हळूच सांगितले, "तू तुयं पाय, लेकराले मी लावीन." पलीकडच्या रांगेत एक तेलुगू बाई आपल्या तान्ह्याला घेऊन एकटीच होती. सौभाग्यवतींनी खुणेनेच तिच्याशी मैत्री जुळवली आणि तिला आमच्याकडच्या मोकळ्या जागेवर बोलावले, म्हणजे दोन्ही लेकरे आळीपाळीने सांभाळता येतील. हवाई सुंदरीने तिला हसतमुखाने परत पाठवले. आसनांच्या एका गटाला मुखवटा एकच जास्तीचा असतो, म्हणून मांडीवरची दोन मुले तिथे शेजारी बसवत नाहीत. वीस मांड्यांच्या गावातून आलेल्या बाईला कोणी दुसरी मांडी नाकारावी, हे त्यांच्या मनाला फार लागले.

आणि मग शिकागो जवळ आले. बाळ नेमके तेव्हा गाढ झोपले होते. मूठ सैल, तोंड अर्धवट उघडे, श्वास संथ. आजूबाजूचे प्रवासीही कित्येक तासांनी प्रथमच झोपले होते. विमान उतरू लागल्याची घोषणा झाली आणि मी लेकीला म्हणालो, "उठव त्याला." सौभाग्यवतींनी दोन्ही हात मधे घातले. "झोपलेल्या लेकराले उठवाचं नसते. आमच्या सात पिढ्यांत कोणी उठवलं नाही." मी नळीचे सांगितले, दाबाचे सांगितले, डॉक्टरांची शपथ घातली. पुढच्या रांगेतल्या गोऱ्या गृहस्थाने मागे वळून माझ्याकडे अशा विनवणीने पाहिले की भाषेची गरज उरली नाही. लेकीने मात्र कोणाचेच न ऐकता बाळाचे तळपाय चोळले, त्याला पदराखाली घेतले आणि ते अर्धवट झोपेत, भयंकर नाराजीने, पण एकसारखे दूध ओढू लागले. ते रडले नाही. रडल्या त्या सौभाग्यवती, कारण त्यांचे स्वतःचे कान दडे बसून ठणकत होते आणि त्यांनी सुपारी चघळायला नकार दिला होता.

शिकागोहून आयोवा राज्यातल्या डे मॉईनला जाणाऱ्या छोट्या विमानात तोकडा पट्टा मागितला, तर तो मिळालाच नाही. अमेरिकी विमानांत तो वापरू देत नाहीत. तिथल्या विमान वाहतूक नियामकांचे म्हणणे असे की, मांडी हीच मुळात भरवशाची जागा नव्हे. जोराचा झटका बसला तर आठ किलोचे बाळ क्षणभर पंचवीस किलोचे होऊ शकते आणि माणसाचे हात ते धरू शकत नाहीत, म्हणून सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे त्याला स्वतःचे तिकीट आणि त्यावर मान्यताप्राप्त बालआसन. लेकीने हे मराठीत सांगितले, तेव्हा सौभाग्यवतींनी मांडीवरचा पदर सारखा केला आणि त्या नियामकांविषयी जे बोलल्या ते लिहिण्याजोगे नाही.

डे मॉईनला जावई घ्यायला आले होते. ते मूळचे अकोल्याचे, पण तिथे राहून फार शिस्तीचे झाले आहेत. त्यांच्या गाडीत मागच्या बाजूला, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवायचे बालआसन घट्ट बांधलेले होते. बाळाला त्यात ठेवून त्यांनी पट्टे आवळले, बोट घालून ढिले तर नाहीत ना ते पाहिले, पुन्हा आवळले. बाळाने आभाळ डोक्यावर घेतले. सौभाग्यवती शेजारी बसल्या, रिकाम्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "द्या जराशीक माह्याकडे, गाडी हळू चालवजा."

"आई, इथं पोलीस पकडते," जावई काकुळतीला येऊन म्हणाले.

"मंग समृद्धीवर कोणं पकडलं होतं?"