संशोधनाचा पैसा रोपांवर घालू नका

पावसाळा तोंडावर आला की एक संदेश हमखास फिरू लागतो: "झाडाला संशोधन लागत नाही, खड्डा, पाणी आणि जीव लावणारा माणूस लागतो. शहरातल्या झाडांच्या अभ्यासावरचा पैसा रोपांवर घाला." यामागची तळमळ खरी आहे, आणि म्हणूनच त्यातले मुद्दे तपासून घ्यायला हवेत.

"जंगलातल्या झाडांची निगा कोण राखतो?" कोणीही नाही. पण जंगलात मुळे पालापाचोळ्याखालच्या भुसभुशीत मातीत फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरतात. रस्त्यावरच्या झाडाच्या वाट्याला पेव्हर ब्लॉकमधले हातभर आळे येते. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले, ते मुळांना हवा-पाणी मिळावे म्हणूनच. वाढलेल्या वडाला मात्र किती जागा पुरेल, हे अभ्यासाशिवाय कोण सांगणार?

"अनुभवी माळ्याला सगळे ठाऊक असते." माळ्यांच्या हातातले कसब मी नाकारत नाही, परंतु पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धतही चुकीची असू शकते. आमच्या गल्लीतल्या गुलमोहराची फांदी काही वर्षांपूर्वी बुंध्याला अगदी घासून कापली आणि जखमेवर डांबर फासले. आज तिथे मूठ आत जाईल एवढी ढोली आहे, आणि बोट लावले की ओला भुसा गळतो. असे का होते, हे अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवले. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजलेला भाग आतून भिंती घालून वेगळा पाडते. फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते, तिच्यापाशी हे संरक्षण उभे राहते. घासून कापताना नेमकी तीच कड जाते, आणि वरचे डांबर कूज थांबवत नाही. एका माणसाला वर्षानुवर्षे झाडे चिरत बसण्यासाठी पगार मिळाला, म्हणून हे कळले.

"मग परदेशातले संशोधन आयतेच वापरा." तत्त्वे वापरता येतील, पण रोग आणि माती आपापली असते. नेदरलँड्समध्ये 1920 च्या सुमारास एल्म वृक्ष मरू लागले, तेव्हा तिथल्याच बेआ श्वार्ट्झ यांनी कारणीभूत बुरशी शोधली, आणि पुढे रोगाला तोंड देणारे एल्म निवडता आले. मुंबईत गेल्या दशकात पिठ्या ढेकणांच्या प्रादुर्भावाने जुने पर्जन्यवृक्ष वाळत गेले. त्यांचा अभ्यास मुंबईच्या दमट हवेतच करावा लागेल.

"पैसा कुठून आणणार?" मुंबईकर मालमत्ता कराच्या बिलात वृक्ष उपकर भरतोच. अमेरिकेतील ट्री फंड ही संस्था तर सायकल सफरीतून देणग्या जमवून अशा अभ्यासांना अनुदान देते.

राहिला रोपांचा हिशेब. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष अधिनियमात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावायची आहेत. साठ वर्षांच्या झाडाबदली साठ रोपे लावली, तरी त्यांतली किती जगली आणि बाकीची कशाने गेली, याची नोंद ठेवणे हेच संशोधन आहे. याच अधिनियमात दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली आहे. त्या गणनेत बुंध्याच्या घेराशेजारी ढोली, कूज आणि आळ्याचे माप लिहिण्याचे दोन-तीन रकाने वाढवावेत, आणि ही माहिती तपासायला कृषी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना वृक्ष उपकरातून शिष्यवृत्ती द्यावी, एवढीच माझी मागणी आहे.