शाळेतलं वय

रिपोर्टात एकूण कोलेस्टेरॉल 246 निघालं आणि त्याच संध्याकाळी शेंगाचटणीची बरणी माळ्यावर गेली. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच, ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं, हे मी मोबाईलवर दाखवलं. चटणीशिवाय कडक भाकरी म्हणजे पुठ्ठा चावणं. बायको म्हणाली, "मला नको, डॉक्टरांना दाखवा."

दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या भर उन्हात दवाखाना गाठला. मला वाटलं, गोळी घ्यायची की नाही, एवढंच ठरायचंय. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारला आणि काचेखालून एक तक्ता ओढला. हिरवे, पिवळे, केशरी, लाल चौकोन. लांबून बघितलं तर आपल्याकडच्या वॉलहँगिंगचं डिझाईन.

"एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 190 च्या वर असतं तर तक्ता काढलाच नसता, थेट गोळी दिली असती. तुमचं 158 आहे. पुढच्या 10 वर्षांत हार्ट अटॅक नाहीतर लकव्याचा धोका किती, ते आधी बघू."

धोका मोजायचा हा उद्योग सुरू झाला 1948 साली, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 5,209 जणांना तपासण्यापासून. पण हा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा, 2019 चा, खास दक्षिण आशियासाठी. म्हणजे 'तिकडच्यांचं तिकडे' म्हणायचीही सोय नाही.

"वय?"

"54."

"शाळेतलं सांगू नका," बायको.

आमच्या गुरुजींनी निम्म्या वर्गाला 1 जूनला जन्माला घातलं होतं. त्यात मला दोन वर्षांची सूट मिळालेली. नोकरीत ती कामाला आली, इथे एका वाक्यात गेली. 56 झालो आणि वरच्या कप्प्यात चढलो.

शुगर नव्हती. बीपी 148. जिना चढून आलोय म्हटल्यावर पाच मिनिटं बसवून परत घेतलं, 146.

"सिगारेट?"

"दिवसाला दोनच. त्याही दुसऱ्याच्या पाकिटातल्या."

तक्त्याला फक्त हो आणि नाही कळतं.

"आजपासून बंद!"

"छान. पण वर्षभर 'हो'च धरतो आम्ही."

बोट केशरी चौकोनावर थांबलं. केशरी म्हणजे 10 ते 20 टक्के. माझ्यासारख्या 100 जणांतले तेवढे. गड्ड्याच्या जत्रेत माझ्यासारखे 100 जण माझाच शर्ट घालून, दुसऱ्याच्या खिशाकडे बघत उभे दिसले. त्यातले नेमके कोण, ते तक्त्याला ठाऊक नसतं म्हणे.

मग मी चादरीचा भाव करावा तसा सुरू झालो.

"सिगारेट काढली तर?"

बोट शेजारच्या रकान्यात सरकलं. धोका बऱ्यापैकी उतरला.

"बीपी 130 वर आणलं तर?"

पिवळा!

"आणि कोलेस्टेरॉल?"

ज्याच्यासाठी आलो होतो, त्यानेच सगळ्यात कमी सूट दिली.

"तीन महिने मीठ आणि सिगारेट बघा, मग गोळीचं बोलू."

"चटणी?"

"शेंगदाण्याला माझी हरकत नाही. त्यातल्या मिठाला आहे."

मी विजयी नजरेने बायकोकडे बघितलं. डॉक्टर मात्र अजून लिहीत होते. "तक्त्यात नाही, पण विचारतो. वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत अटॅक?"

"आमच्यात कुणाला नाही."

"माझ्या बाबांना आला होता की, 52 व्या वर्षी," बायको मदतीला धावली.

"ते यांच्यात धरत नाहीत, वहिनी. तुमच्यात धरतात." त्यांनी बीपीचा पट्टा तिच्याकडे वळवला. "वय किती लिहू?"

बायकोने पदर सावरला.

"आधारवर आहे तेच लिहा की."